शेजाऱ्याचं झाड आपल्या हद्दीत आलंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

झाड शेजाऱ्याचं आणि फांद्या आपल्या गच्चीवर, पत्र्यावर नाहीतर पाण्याच्या टाकीवर. याच्यावरून बोलणं बंद झालेली घरं मी पाहिलीत. खाली दिलेले प्रश्न लोक खरंच विचारतात तसेच घेतलेत. कायदा देशादेशात वेगळा आहे त्यामुळे जिथे जो नियम सांगितलाय तो त्या देशापुरता समजा. झाडाचं शास्त्र मात्र सगळीकडे एकच.

फांद्या माझ्या बाजूला आल्यात, मी कापू शकतो का?

बहुतेक ठिकाणी हो, पण आपल्या हद्दीपर्यंतच, आणि अटी आहेत. हा प्रश्न आजचा नाहीये बरं का, प्राचीन रोममधल्या बारा पाट्यांच्या कायद्यात (इ.स.पू. ४५० च्या सुमारास) सुद्धा शेजारच्या शेतावर झुकलेल्या झाडाच्या फांद्या १५ फूट उंचीपर्यंत छाटायचा नियम होता.

इंग्लंडमध्ये १८९४ साली तिथल्या सर्वोच्च पातळीवर निकाल लागला की आपल्या जागेवर आलेल्या फांद्या आपल्याच जागेत उभं राहून कापता येत असतील तर नोटीस न देताही कापता येतात, आणि झाड कितीही वर्षं तसंच पसरलेलं असलं तरी मालकाला तो हक्क मिळत नाही. जर्मनीत आधी मालकाला पुरेशी मुदत द्यावी लागते, आणि फांदीचा तुम्हाला त्रासच नसेल तर कापायचा हक्कच नाही. फ्रान्समध्ये फांद्या स्वतः कापता येत नाहीत, मालकाला कापायला लावावं लागतं, मुळं मात्र हद्दीपर्यंत स्वतः तोडता येतात. जपानमध्येही बरीच वर्षं असंच होतं, मग कायदा बदलला आणि एप्रिल २०२३ पासून मालकाला सांगूनही त्याने वेळेत कापलं नाही, किंवा मालक सापडतच नाही, किंवा तातडीची गरज आहे, तर स्वतः कापता येतं.

भारतात आणखी एक गोष्ट मधे येते ती म्हणजे वृक्ष संरक्षणाचे कायदे. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा कायदा आहे, दिल्लीत १९९४ चा. झाड तोडायला परवानगी लागते, अगदी स्वतःच्या अंगणातलं असलं तरी, आणि मोठी छाटणी करायची तरी आधी वृक्ष प्राधिकरणाकडे विचारून घ्यावं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडांना वेगळं संरक्षण आहे. म्हणजे "फांदी माझ्या बाजूला आहे" एवढं कारण पुरत नाही, हे आधी डोक्यात असू द्या.

कायद्याने कापता येतं तर मग शेजाऱ्याला विचारायचं कशाला?

नाती टिकावीत म्हणून विचारा असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण माझ्यासाठी त्याहून मोठं कारण झाड आहे. कायदा म्हणतो हद्दीवर कापा. आता हद्दीची रेघ फांदीच्या अगदी मधोमध जाते. तिथे कापलं की पुढे ना पान ना फाटा असा हातभर खुंट उरतो. तो वाळतो, कुजतो, आणि ती कूज हळूहळू खोडाकडे सरकते. फांदी जिथे कापायला हवी ती जागा जवळजवळ नेहमी शेजाऱ्याच्या बाजूला असते, जिथून ती फुटली तिथे नाहीतर एखाद्या चांगल्या जाड फाट्यापाशी. तिथे तुम्ही त्याच्या परवानगीशिवाय हात लावू शकत नाही. म्हणजे झाड नीट राहायचं असेल तर बोलण्याशिवाय मार्गच नाही.

आम्ही हेच केलं होतं, चुकीच्या पद्धतीने. शेजारी गावाला गेलेले, आम्ही माणूस बोलावून भिंतीच्या रेषेत चार फांद्या सरळ कापून टाकल्या, कायद्याने काही चूक नाही असं स्वतःला समजावलं. काही वर्षांत त्यातल्या दोन खुंटांतून कूज आत गेली, खोडात ढोली झाली आणि शेवटी ते झाड धोकादायक म्हणून पूर्ण उतरवावं लागलं. शेजारी काही बोलले नाहीत. मला ते अजून लागतं.

बोलायचं कसं? विषय काढला की त्यांना राग येतो

कुऱ्हाड दारात आणून मग विचारू नका. आणि गच्चीवरून ओरडून तर नकोच. त्यांना आपल्या बाजूला बोलवा, आपल्या जागेवरून झाड कसं दिसतं ते दाखवा, कारण त्यांना त्यांच्या बाजूची हिरवी बाजूच दिसत असते, तुमच्या पन्हळीत साचलेला पाला किंवा पत्र्यावर घासणारी फांदी त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. "तुमचं झाड काढा" असं न म्हणता "ही एक फांदी इथे घासतेय" असं नेमकं बोट दाखवा. पूर्ण झाडाची तक्रार केली की माणूस झाडाच्या बाजूने उभा राहतो, एका फांदीबद्दल बोललं की तोच म्हणतो हो बघूया.

खर्च मी देतो किंवा निम्मा निम्मा करू, असं सुरुवातीलाच म्हणता आलं तर अर्धं काम होतं.

बोलून झालं, उत्तरच देत नाहीत. आता?

लेखी द्या. तारीख घालून साधं पत्र, कुठली फांदी, काय त्रास, किती दिवसांत, आणि सोबत फोटो. पोचपावती येईल अशा पद्धतीने पाठवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. धमकीची भाषा नको, वकिली भाषा तर पहिल्या पत्रात अजिबात नको. हे पत्र पुढे फार उपयोगी पडतं, का ते झाड पडण्याच्या प्रश्नात सांगतो.

त्यानंतर मध्यस्थ, म्हणजे सोसायटीची कमिटी किंवा दोघांना मान्य असलेली एखादी व्यक्ती. मग स्थानिक यंत्रणा. कोर्ट सगळ्यात शेवटी, कारण निकाल लागेपर्यंत फांदी आणखी वाढलेली असते.

फळं कोणाची?

झाडावर लटकलेलं फळ झाडाच्या मालकाचं, फांदी तुमच्या डोक्यावर का असेना. इंग्लंडमध्ये १९१९ च्या एका खटल्यात शेजाऱ्याने आपल्या बाजूच्या फांद्यांवरची सफरचंदं काढून विकली आणि त्याला पैसे भरून द्यावे लागले. खाली पडलेल्या फळाचं मात्र जर्मनी आणि फ्रान्समध्ये उलट आहे, आपोआप गळून तुमच्या जमिनीवर पडलं तर ते तुमचं. हलवून पाडलेलं चालत नाही हां.

कापलेल्या फांद्या त्यांच्या अंगणात टाकू का, त्यांचंच आहे ना ते

नका टाकू. लाकूड मालकाचं हे इंग्लंडच्या कायद्यात खरं आहे, पण भिंतीवरून ढकलून देणं म्हणजे त्यांच्या जागेत कचरा टाकणंच झालं. विचारा, हवं असेल तर नीट नेऊन द्या, नको म्हणाले तर विल्हेवाट तुमची. आणि स्वतःच्या सोयीसाठी स्वतः कापताय तर मजुरी पण सहसा तुमचीच.

पाला पडतो, सावली येते, पक्षी घाण करतात. याची तक्रार करता येते का?

करता येते पण पुढे काही होईल याची आशा कमी ठेवा. पाला, फुलं, सावली हे झाड असण्याचाच भाग आहे असं बहुतेक ठिकाणची कोर्टं मानतात. हवाईमध्ये १९८१ साली एका ८० ते ९० फूट उंच वडाच्या झाडावरून खटला झाला होता, त्यात कोर्टाने फरक स्पष्ट केला: नुसती सावली किंवा पानं हा उपद्रव नाही, पण फांद्या किंवा मुळांमुळे खरं नुकसान होत असेल किंवा लवकरच होणार असेल तर मालकाला भरपाई द्यायला आणि झाड छाटायला लावता येतं. मला हा निकाल फार समंजस वाटतो.

सावलीचा खरंच त्रास असेल तर झाड लहान करण्यापेक्षा आतून विरळ करून मागा. आडव्यातिडव्या, एकमेकींवर घासणाऱ्या, वाळक्या फांद्या निघाल्या की उजेड बराच येतो आणि झाडाचा आकारही टिकतो. पन्हळीवर जाळी टाका. अर्धी भांडणं जाळीने मिटतात.

फांदी नेमकी कुठे आणि कशी कापायची?

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

फांदी खोडाला जिथे जोडलेली असते तिथे बुडाशी एक फुगीर कडं असतं, बोटाने चाचपलं तरी कळतं, आणि वरच्या बाजूला बेचक्यात सालीची एक उंच सुरकुती असते. हे कडं झाडाचं बचावाचं ठिकाण. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं आणि १९७७ मध्ये मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड खराब झालेल्या भागाभोवती आतल्या आत भिंती उभ्या करतं आणि वरून नवीन लाकूड चढवून तो भाग बंद करून टाकतं. आपल्या कातडीला नवी पेशी येते तसं तिथे काही होत नाही. म्हणजे तुम्ही आज केलेला काप त्या झाडात कायम राहणार आहे, फक्त झाकलेला. कडं शाबूत असेल तर भिंत पटकन होते. खोडाला चिकटून सपाट कापलं तर कडंच जातं, आणि लांब खुंट ठेवला तर झाकताच येत नाही. म्हणून कड्याच्या लगेच बाहेर कापायचं.

आणि एका झटक्यात नाही, तीन कापांत. पहिला काप खालून, खोडापासून साधारण फूटभर लांब, जाडीच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या थोडा पुढे, इथे फांदी तुटून खाली जाते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, कड्याच्या बाहेर. हे तीन का, तर वरून एकच काप दिला की अर्ध्यात फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल लांबपर्यंत सोलत नेते. ती जखम मग वर्षानुवर्षं झाकली जात नाही.

पूर्ण फांदी न काढता फक्त मागे घ्यायची असेल तर अशा फाट्यापाशी कापा ज्याची जाडी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे, म्हणजे तो फाटा पुढे टोक म्हणून काम करतो.

कापावर डांबर, ऑइलपेंट, शेण काही लावू नका, बहुतेक वेळा उपयोग होत नाही, उलट ओल आत अडकते. करवत धारदार आणि स्वच्छ हवी. कोयत्याने घाव घालून फांदी तोडणं म्हणजे ठेचणंच आहे.

शेंडा मारला तर वाढच थांबेल ना?

उलटं होतं. वरून सरसकट तोडलेलं झाड घाबरल्यासारखं ढीगभर नवीन सरळसोट फुटवे काढतं, ते भराभर वाढतात आणि त्यांची पकड फक्त वरवरच्या लाकडात असते, म्हणजे थोड्याच वर्षांत झाड पूर्वीइतकंच उंच आणि पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचं होतं, खाली मोठ्या कापांतून कूज चाललेली असते ती वेगळीच. नका करू. कोणी "शेंडा उडवून देतो साहेब, स्वस्तात" म्हणाला तर दुसरा माणूस शोधा.

एका वेळी किती छाटलेलं चालतं?

हिरव्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको, म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाला त्याहून बरंच कमी. आणि सगळं एकाच बाजूचं काढलं तर तोल जातो, हेही शेजाऱ्याशी बोलून ठरवायचं एक कारण, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढता येतं. वाळकी फांदी कधीही काढा. हिरवी छाटणी नवी पालवी फुटायच्या आधी केलेली बरी. घरटं दिसलं तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, काही आठवड्यांचा तर प्रश्न असतो आणि पुष्कळ देशांत चालू घरटं मोडणं गुन्हा आहे.

मुळं आमच्या फरशीखाली आलीत, तोडून टाकू?

फांदी कापून झाड सहसा मरत नाही, मुळं तोडून मरतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे जिवंत दिसतं आणि पुढच्या वादळात पडतं, कदाचित तुमच्याच घरावर.

लोकांना वाटतं मुळं खोल जातात. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या साधारण दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. त्यामुळे पाईपसाठी खणलेला एक साधा चर सुद्धा झाडाचा आधार काढून घेऊ शकतो. अंदाज असा ठेवा: खोडाचा व्यास मोजा, त्याच्या सहापट अंतराच्या आत मोठी मुळं तोडायची नाहीत, आणि तिपटीच्या आत तर अजिबातच नाही. खोड दीड फूट जाड असेल तर नऊ फूट. तेवढं अंतर तुमच्या बाजूला नसेल तर झाडं जाणणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका.

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय की शेजाऱ्याने फांद्या कापल्याने झाड मरायची भीती असली तरी त्याचा हक्क जात नाही, फक्त वृक्ष संरक्षणाचे नियम आडवे येत नसले पाहिजेत. हक्क म्हणून ठीक असेल, पण झाड तुमच्यावर पडलं तर तो निकाल हातात धरून काय करणार.

पाईपांबद्दल एक गैरसमज: चांगला धड पाईप मुळं सहसा फोडत नाहीत. आधीच सांधा सुटलेला किंवा तडा गेलेला असतो, तिथून ओल झिरपते आणि मूळ तिकडे वळतं. नुसतं मूळ काढलं तर परत येणार, पाईप बदला. भिंतीला तडे गेले तरी आधी इंजिनिअरकडून कारण शोधा. चिकणमातीच्या जमिनीत झाड उन्हाळ्यात पाणी ओढतं आणि माती आक्रसते, त्याने पाया खचू शकतो, पण तेच मोठं झाड एकदम काढलं तर माती परत फुगून पाया उचललाही जातो. वड-पिंपळाचं रोप भिंतीत रुजलं असेल तर मात्र दिवस घालवू नका, लहान असतानाच मुळासकट काढा.

झाड धोकादायक आहे हे कसं ओळखायचं?

बुंध्यापाशी किंवा खोडावर उगवलेली अळंबी, खोडाला उभी चीर, एका बाजूला जमीन उचलली जाणं किंवा मातीला नवीन भेगा, अचानक वाढलेला कल, वर अडकून राहिलेल्या वाळक्या फांद्या, आणि इंग्रजी व्ही सारखा अरुंद बेचका ज्यात साल आत दाबली गेलीय. लहानपणापासून वाकडं असलेलं झाड पडेलच असं नाही, पण सरळ असलेलं झाड या पावसात कललं तर आजच कळवा.

भारतात झाड पडून माणसांना इजा होण्याची शक्यता असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२.

झाड पडलं तर नुकसान कोण भरणार?

सगळं एका प्रश्नावर येतं, मालकाला धोका माहीत होता का किंवा माहीत असायला हवा होता का. धडधाकट झाड वादळात पडलं तर बहुतेक ठिकाणी ती नैसर्गिक आपत्ती आणि ज्याचं नुकसान झालं त्याचा विमा. पण झाड सडलेलं होतं, तुम्ही लेखी कळवलं होतं, फोटो होते, तरी काही केलं नाही, तर जबाबदारी मालकावर येते. म्हणून ते पत्र. आणि जर ते तुम्ही मुळं तोडल्यामुळे पडलं असेल तर जबाबदारी तुमच्यावर, हेही विसरू नका.

मी स्वतः शिडी लावून कापलं तर?

हाताच्या अंगठ्याएवढी फांदी, जमिनीवर उभं राहून, खुशाल. त्यापुढे नको. हिशोब सांगतो, ओलं लाकूड घनमीटरला साधारण ८०० ते १,००० किलो भरतं, म्हणजे २० सेंटीमीटर जाड आणि ३ मीटर लांब फांदी ७५ ते ९५ किलोची झाली, पानं आणि डहाळ्या सोडून. शिडी बहुतेक वेळा त्याच फांदीला टेकवलेली असते, वजन गेलं की उरलेली फांदी वर उसळते आणि शिडी निसटते. जवळून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्या. ओला बांबू आणि ओली फांदी यातून करंट जातो.

झाड बरोबर हद्दीवरच उभं आहे

मग अनेक ठिकाणी ते दोघांचं. एकट्याने तोडायचं नाही. आणि आधी हद्द खरंच तिथे आहे का हे मोजणी करून बघा, जुनी भिंत म्हणजे हद्द असं धरून लोक दुसऱ्याचं झाड कापून बसतात.

हळूच मीठ, अ‍ॅसिड, तणनाशक टाकलं तर कोणाला कळणार?

कळतं. मातीची आणि लाकडाची तपासणी होते, खोडाला पाडलेली भोकं सापडतात. पुष्कळ ठिकाणी हा सरळ गुन्हा आहे. एकाच जातीच्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जोडली गेलेली असू शकतात, तुम्ही एकाला दिलेलं विष शेजारच्या दुसऱ्या झाडातही जातं. आणि मेलेलं झाड उभं राहतं ते तुमच्याच डोक्यावर, आता वाळून मोडायच्या तयारीत. या प्रश्नाचं उत्तर मी दरवेळी एवढंच देतो, करू नका.

उलटं आहे, माझंच झाड शेजाऱ्यांकडे गेलंय आणि ते तक्रार करतात

वर्षातून एकदा, पावसाळी वाऱ्यांच्या आधी, त्यांच्या बाजूला जाऊन झाड खालून वर नीट बघा आणि त्यांनाच विचारा कुठली फांदी त्रास देतेय. छाटणीचा माणूस लावाल तेव्हा त्यांना आधी दिवस सांगा म्हणजे गाडी, कुंड्या, वाळत घातलेले कपडे बाजूला घेता येतात. आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः खाली उभे राहा, काप कड्याच्या बाहेर बसतोय ना ते बघायला.